खुबा बदलल्यावर आजूबाजूचं हाड का जातं

खुब्याचा सांधा बदलण्याबद्दलची बहुतेक पुस्तकं सत्तरीतला, सांधा झिजलेला पेशंट समोर ठेवून लिहिलेली आहेत. मराठवाड्यातल्या ओपीडीत चित्र वेगळं दिसतं. पस्तीस-चाळिशीतले पेशंट बरेच असतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेल्या बॉलचा रक्तपुरवठा तुटून तो खचलेला असतो, म्हणजे एव्हीएन. कारणं ठरलेली: स्टेरॉइड, दारू, जुना मार, किनवट-माहूरच्या पट्ट्यात सिकलसेल. कोविडनंतर स्टेरॉइडवाल्यांची त्यात भर पडली. या वयात बसवलेल्या सांध्यापुढे तीस-चाळीस वर्षं असतात. तीही शेतात, ऊसतोडीत, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्यात. एवढ्या काळात सांधा एकदा तरी बदलावा लागेल, हे धरूनच चालायचं. इम्प्लांट दुकानात मिळतं. ते धरून ठेवणारं हाड मिळत नाही. म्हणून पहिल्या ऑपरेशनमधला प्रत्येक निर्णय "दुसऱ्या वेळी हाड किती उरेल" या हिशोबाने तपासावा, असं आमचं ठाम मत आहे.

हाड दोन वाटांनी जातं. एक, त्याच्यावर भार न आल्याने. दोन, सांध्यातून निघालेल्या बारीक कणांमुळे. एक्स-रेवर दोन्हीकडे हाड कमीच दिसतं, पण कारण वेगळं, गती वेगळी आणि धोकाही वेगळा. पेशंटला (आणि कधी कधी रेसिडेंट डॉक्टरलाही) ही दोन्ही एकच वाटतात, तिथूनच घोळ सुरू होतो.

भार न मिळालेलं हाड

हाड भारानुसार घडतं आणि मोडतं, हा नियम युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, म्हणजे स्टेम, बसवला की वरून येणारा भार दोघांत वाटला जातो. जो जास्त ताठ, तो जास्त भार उचलतो. एकाच जुवाला तगडा बैल आणि लेचापेचा बैल जुंपला तर ओढ सगळी तगड्यावर जाते आणि दुसरा नुसता सोबत चालतो, तसंच. सोबत चालणारं हाड मग हळूहळू विरळ होतं. याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात.

ताठपणाचे आकडे बघा. मांडीच्या हाडाच्या कठीण कवचाचा मॉड्युलस साधारण १५ ते २० गिगापास्कल. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास. स्टेनलेस स्टीलचा २०० च्या जवळ, कोबाल्ट-क्रोमचा २१० ते २३०. म्हणजे टायटॅनियमसुद्धा हाडाच्या पाच ते सात पट ताठ आहे.

पण धातूचं नाव ऐकून निर्णय करू नका. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. व्यास १२ मिलिमीटरचा १६ झाला की तोच धातू तिपटीहून जास्त ताठ होतो. १६ मिलिमीटरचा टायटॅनियमचा गोल दांडा १२ मिलिमीटरच्या कोबाल्ट-क्रोम दांड्यापेक्षा साधारण दीडपट ताठ भरतो. "साहेब, टायटॅनियमचाच टाका" असं नातेवाईक सांगतात, ते चूक नाही, पण अर्धंच आहे. पोकळी रुंद आणि कवच पातळ झालेल्या म्हातारीच्या हाडात जाडजूड दांडा ठोकून बसवला, तर टायटॅनियमचा फायदा जाडीनेच खाऊन टाकला. अशा नळीसारख्या हाडाला डॉर 'सी' म्हणतात. तिथे सिमेंट (पूड आणि द्रव मळून घट्ट होणारा भराव) लावून बसवलेला बारीक, गुळगुळीत स्टेम आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो. ठोकताना हाड चिरण्याची भीतीही त्यात कमी.

दुसरी बाब, दांडा हाडाला कुठे चिकटतो. काही स्टेमवर खरखरीत सच्छिद्र लेप टोकापर्यंत असतो. तो खाली, मांडीच्या मधल्या भागात पक्का धरतो, त्यामुळे भार वरच्या हाडाला वळसा घालून थेट खाली उतरतो. वरचं हाड रिकामं बसतं. लेप फक्त वरच्या तिसऱ्या भागात असलेला, निमुळता टायटॅनियम स्टेम भार वरच सोडतो. तरुण, चांगल्या हाडाच्या एव्हीएनच्या पेशंटला पहिल्या वेळी हाच योग्य. पूर्ण लेपाचा लांब स्टेम दुसऱ्या ऑपरेशनसाठी राखून ठेवावा.

मग स्टेम हाडाइतकाच लवचीक का करत नाहीत? करून झालं आहे. १९७० च्या दशकात युरोपात प्लॅस्टिकचे 'आयसोइलास्टिक' स्टेम आले आणि सैल होऊन निघाले. दांडा फार लवचीक असला की तो आणि हाड यांच्यामध्ये प्रत्येक पावलाला हालचाल होते. ही हालचाल साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असेल तर हाड लेपाच्या छिद्रांत शिरतं. १५० च्या वर गेली तर हाडाऐवजी तंतुमय पापुद्रा तयार होतो आणि दांडा कायमचा डळमळीत राहतो. छिद्रंही मापात लागतात, १०० ते ४०० मायक्रॉनची. ताठ केला तर हाड बसून राहतं, लवचीक केला तर चिकटत नाही. या ओढाताणीतूनच आजचे स्टेम घडले आहेत.

एक्स-रेवर मांडीच्या हाडाचे सात भाग पाडतात, त्यांना ग्रुएन झोन म्हणतात. भार न मिळाल्याने सगळ्यात जास्त हाड जातं ते सातव्या झोनमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला मानेच्या बुडाशी, ज्याला कॅल्कार म्हणतात. डेक्साने (हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीने) मोजलं तर तिथली घनता पहिल्या वर्षात १० ते ३० टक्के उतरलेली दिसते. त्यातला काही भाग ऑपरेशननंतर पाय टेकवलाच नाही म्हणूनही असतो. वर्ष-दोन वर्षांत ही घट बहुधा थांबते. कॅल्कारची धार गोलसर होते, कवच पातळ दिसतं, पण स्टेम जागचा हलत नाही.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. स्ट्रेस शील्डिंगचा बाऊ गरजेपेक्षा जास्त केला जातो. नुसत्या त्याच्यामुळे सांधा सैल झाल्याची उदाहरणं थोडी. नुकसान होतं ते पुढे: पेशंट पडला तर विरळ हाड लवकर मोडतं आणि दुसऱ्या ऑपरेशनला हाताशी कमी उरतं. खरा चोर दुसराच आहे.

कणांमुळे खाल्लं जाणारं हाड

जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये आधुनिक खुबा घडवला. त्यांची पहिली वाटी, म्हणजे बॉल ज्यात फिरतो ती खोबण, टेफ्लॉनची होती. ती दोन-तीन वर्षांत झिजली आणि आजूबाजूला गाठी झाल्या. १९६२ च्या अखेरीस त्यांनी दाट पॉलिथिलीन घेतलं आणि सांधा टिकायला लागला. त्यानंतरही दहा-पंधरा वर्षांनी हाडात पोकळ्या दिसत, तेव्हा दोष सिमेंटवर गेला. 'सिमेंटचा आजार' असं नावही पडलं. सिमेंट न लावता बसवलेल्या सांध्यांभोवतीही तशाच पोकळ्या दिसल्या, तेव्हा कळलं की बहुतेक दोष प्लॅस्टिकच्या कणांचा आहे.

होतं असं: वाटीतलं प्लॅस्टिक बॉलखाली घासलं की एक मायक्रॉनपेक्षाही बारीक कण सुटतात. शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. चिडलेल्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन अशी रसायनं सोडतात. त्यातून रॅन्क-एल हे प्रथिन वाढतं आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. याला ऑस्टिओलायसिस म्हणतात. ही घट आपोआप थांबत नाही. कण येत राहतील तोवर पोकळी वाढत राहते. आणि दुखत नाही! पेशंट शेतात काम करतोय, चालतोय आणि आत वाटीमागे लिंबाएवढा खड्डा झालेला असू शकतो.

झीज किती झाली हे बॉल वाटीत किती वर सरकला यावरून मोजतात. वर्षाला ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ऑस्टिओलायसिस क्वचित, ०.०५ च्या खाली असेल तर जवळजवळ नाहीच. पण सरकणं सारखं असलं तरी कणांचं घनफळ बॉलच्या मापावर जातं. ०.१ मिलिमीटर झिजेला २२ मिलिमीटरचा बॉल सुमारे ३८ घनमिलिमीटर प्लॅस्टिक सोडतो, २८ चा ६२, आणि ३६ चा १०० च्या वर. चार्नली यांनी २२.२२५ मिलिमीटरचा लहान बॉल निवडला, त्यामागे झीज आणि घर्षण कमी ठेवणं हाच विचार होता. लहान बॉलचा तोटा म्हणजे तो निसटतो लवकर.

ही कोंडी फुटली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनमुळे. प्लॅस्टिकला ५ ते १० मेगारॅड किरणांचा मारा दिला की त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि झीज खूप कमी होते. मारा दिल्यावर उरलेले फ्री रॅडिकल घालवायला ते वितळवतात, किंवा वितळण्याच्या खालच्या तापमानाला तापवतात, किंवा त्यात व्हिटॅमिन ई मिसळतात. वितळवलेलं प्लॅस्टिक थोडं ठिसूळ होतं. वाटी उभी बसली आणि लायनरची, म्हणजे वाटीच्या धातूच्या कवचात बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या अस्तराची, कड पातळ असली तर कड तुटते. त्याआधीचं, हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं प्लॅस्टिक तर पाकिटात पडल्या पडल्या ऑक्सिडाइझ व्हायचं. नव्वदच्या दशकात बसवलेल्या सांध्यांभोवती आज मोठ्या पोकळ्या दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण. आज कोणी साधं पॉलिथिलीन सुचवलं तर तरुण पेशंटने सरळ नाही म्हणावं. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा; सिरॅमिक बॉलऐवजी धातूचा घेतला तर एक वेळ चालेल.

कण सुटले तरी ते हाडापर्यंत पोहोचायला वाट लागते. सांध्यातलं पाणी प्रत्येक पावलाला दाबाने जिकडे फट मिळेल तिकडे शिरतं. जुन्या काही स्टेमवर लेप सगळीकडून नव्हता, तुकड्या-तुकड्यांत होता. मधल्या गुळगुळीत पट्ट्यांतून कण थेट दांड्याच्या टोकापर्यंत उतरले आणि तिथे पोकळ्या झाल्या. लेप चहूबाजूंनी गोल केला तेव्हा ही वाट बंद झाली. वाटीचंही तसंच. धातूच्या कवचातली स्क्रूची रिकामी भोकं म्हणजे कणांना उघडं दार. वाटी ठोकून घट्ट बसली असेल तर स्क्रू नकोत, लागले तर एक-दोन. लायनरची खिटी ढिली असेल तर तो मागच्या बाजूनेही घासतो आणि ते कण थेट भोकांतून हाडात जातात.

इथली बसण्याची पद्धत पुस्तकात धरलेली नसते. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं, देशी संडास. खोल वाकताना स्टेमची मान लायनरच्या कडेवर आपटते. तिथून कण सुटतात, कधी मागून बॉलच निसटतो. मोठा बॉल आणि बारीक मान असेल तर आपटायच्या आधी जास्त वाकता येतं. म्हणून क्रॉसलिंक्ड लायनरबरोबर ३२ किंवा ३६ चा बॉल इथे उपयोगाचा. कडा उंच केलेला लायनर आणि कॉलरवाला बॉल दिसायला सुरक्षित वाटतात, पण आपटणं वाढवतात. वाटीचा कोन ४० अंशांच्या आसपास हवा. ५० च्या वर गेली की सगळा भार कडेवर. संडासाची सीट कमोडची करून घ्या, हे डॉक्टर सांगतात ते फक्त बॉल निसटू नये म्हणूनच सांगतात असं समजू नका.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांचा अनुभव तर महागात पडला. प्लॅस्टिक नाही, म्हणजे कण नाहीत, असा हिशोब होता. निघाले कोबाल्ट-क्रोमचे त्याहून बारीक कण. डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती, त्यामुळे थोडी उभी बसली तरी कडेवर घासायची. भारतातही तो हजारो पेशंटांना बसला होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने भरपाईचं सूत्र ठरवलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. कोणाला तो किंवा तसला धातू-धातू सांधा असेल तर दुखत नसलं तरी रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घ्यावं. ७ पीपीबीच्या (अब्जात सात भाग) वर गेलं की नीट चौकशी करायची.

ऑस्टिन मूर आणि सिमेंटची गडबड

तालुक्याच्या गावात पडून खुब्याची मान मोडली की बऱ्याचदा अजूनही ऑस्टिन मूर बसतो: स्टीलचा, दांड्यात दोन मोठी भोकं असलेला, वाटी न बदलता फक्त बॉल. स्वस्त आणि झटपट. पंचाऐंशीच्या, घरातल्या घरात फिरणाऱ्या आजींना ठीक. पण साठीतल्या, रोज रानात जाणाऱ्या माणसाला नको. धातूचा बॉल वाटीतली कूर्चा खातो आणि हाडात आत घुसायला लागतो. दांडा हाडाच्या मापाचा नसतो, तो खाली बसतो, मांडी दुखते. काढायला गेलं की भोकांतून हाडाचे पूल आरपार गेलेले असतात. ते आधी छिन्नीने तोडले नाहीत तर दांड्याबरोबर मांडीचं हाडच फुटतं.

सिमेंटबद्दल एक इथली बाब. सिमेंटची पूड ४० ग्रॅम, द्रव २० मिलिलिटर, स्टेमला बहुधा दोन पाकिटं. ते किती वेळात घट्ट होतं हे तापमानावर आहे. कंपनीच्या पत्रकातले आकडे २३ अंशाचे असतात. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) एसी धापा टाकतोय, सिमेंट बाहेरच्या कपाटात ठेवलेलं, तर ते मळेपर्यंतच आवळायला लागतं. मग दाब देता येत नाही, थर कुठे दोन मिलिमीटरपेक्षा पातळ होतो, कुठे फट राहते. पातळ थर तडकतो आणि तुकडे सांध्यात जाऊन प्लॅस्टिक खरवडतात. पाकिटं आदल्या दिवसापासून थंड ओटीत ठेवायची, एवढंच करायचं आहे. बाकी रीत तीच: खाली प्लग, पोकळी फवाऱ्याने धुऊन कोरडी, गनने खालून वर भरणं, मग दाब.

कधी दाखवायचं, काय बघायचं

दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे. पुढे निदान दोन वर्षांनी एकदा, न दुखताही. पहिल्या वर्षभरात बॉल थोडा आत बसतो. ते प्लॅस्टिकचं दबणं आहे, झीज नव्हे. मोजणी त्यानंतर सुरू करायची. फिल्मवर सगळं मोठं दिसतं: २८ चा बॉल ३३ भरला तर बाकीची मापं ३३ ने भागून २८ ने गुणायची. बॉलचं माप माहीत असणं याच्यासाठी लागतं.

कॅल्कार गोलसर आणि कवच सगळीकडून सारखं विरळ असेल तर भार नसल्याची घट. कडा कुरतडलेली, एका जागची काळी पोकळी असेल तर कण. स्टेमभोवती किंवा वाटीभोवती दोन मिलिमीटरची काळी रेघ पूर्ण फिरली, किंवा दर एक्स-रेला वाढली, तर सैल. साध्या एक्स-रेत वाटीमागची पोकळी आहे त्याहून लहान दिसते. शंका असेल तर सीटी. जांघेत दुखलं तर बहुधा वाटी, मांडीत दुखलं तर स्टेम, उठून पहिली चार पावलं टाकताना दुखलं तर सैलपणाचा संशय. पण आधी जंतुसंसर्ग नाही ना ते ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करून आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून बघायचं. ऑस्टिओलायसिस समजून जंतू झाकून राहिलेले सांधे कमी नाहीत.

औषधांचं थोडक्यात. अलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही पहिल्या वर्षातली भाराअभावीची घट कमी करतात. कणांनी होणारी पोकळी त्यांनी थांबते असं म्हणता येत नाही. झोलेड्रोनिकच्या आधी क्रिअ‍ॅटिनिन आणि व्हिटॅमिन डी बघाच. आणि वॉकर सोडायला सांगितल्यावर सोडा. पाय टेकवल्याशिवाय हाड भरत नाही.

पोकळी वाढतेय पण वाटी पक्की असेल तर लवकर केलेलं छोटं ऑपरेशन पुरतं: लायनर आणि बॉल बदलायचा, भोकांतून पोकळीत हाडाचा चुरा भरायचा. त्यानंतर निसटण्याचा धोका काही काळ जास्त राहतो. वाटीच सुटली तर मग मोठी वाटी, टँटॅलमचे जोड, दाबून भरलेला हाडाचा चुरा, लांब पन्हाळीदार टायटॅनियम स्टेम. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेसारख्या ठिकाणाहून किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड मागवता येतं, पण ते तारखेच्या आधी सांगून ठेवावं लागतं. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

या छोट्या ऑपरेशनला सगळ्यात मोठी अडचण कागदाची येते. नांदेडचा पेशंट हैदराबादला, उदगीरचा सोलापूरला, जालन्याचा संभाजीनगरला ऑपरेशन करून येतो आणि पंधरा वर्षांनी हातात काहीच नसतं. स्टेमच्या वरच्या, बॉल बसतो त्या टोकाला १२/१४ लिहिलेलं असलं तरी कंपनीगणिक त्याचा उतार आणि खाचा वेगळ्या असतात. चुकीचा बॉल बसवला तर जोडातच धातू गंजतो. लायनर त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या कवचात बसतो, दुसऱ्यात नाही. मॉडेल कळलं नाही तर चांगली चिकटलेली वाटी हाडासकट उपटावी लागते. प्रत्येक भागाच्या पाकिटावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते ओटी नोट्सवर चिकटवतात. भरती पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. तीन वर्षांनंतर ते रद्दीत गेले तरी कोणाला बोलता येत नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच स्टिकरच्या पानाची झेरॉक्स मागा, फोटो काढून मुलाच्या नाहीतर सुनेच्या मोबाइलवर पाठवा, आणि पहिला एक्स-रे पेटीत गुंडाळून न ठेवता त्याचाही फोटो खिडकीच्या उजेडात धरून काढून ठेवा. उन्हाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात.